हुकूम बोलायचा कुणी?

मेंढीकोट या पत्त्यांच्या खेळात भिडूला सगळ्यात जास्त बोलणी बसतात ती दोन कारणांनी: "हुकूम का नाही काढलेस?" नाहीतर "कुणी सांगितलं होतं हुकूम काढायला?" हुकूम म्हणजे बाकीच्या सगळ्या रंगांना कापणारा रंग, आणि तो काढणं म्हणजे तोच रंग उतरून समोरच्यांचे हुकूम संपवणं. दोन्ही बरोबर असू शकतात. मुळात हुकूम ठरला कसा, यावर ते बरंचसं अवलंबून असतं, आणि ही ठरवायची रीतच गेल्या पाच-सहाशे वर्षांत बदलत आली आहे.

आपल्या जुन्या गंजिफात, म्हणजे गोल पानांच्या जुन्या पत्त्यांच्या खेळात, हुकूम नव्हताच. बाबराने १५२७ मध्ये सिंधला गंजिफाची पानं पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा त्याच घराण्यातली. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. दिवसा खेळायला बसलं तर सुरुवात रामाच्या रंगाने, रात्री कृष्णाच्या. राजा-प्रधानाखाली निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, निम्म्यांत एक्का. पण एका रंगाच्या दुर्रीने दुसऱ्याचा राजा कापायचा, ही सोय नाही. भिडूही नाही, तिघं आपापलं खेळतात.

कापायची कल्पना युरोपातली. कार्नोफेल या खेळाचा उल्लेख जर्मनीतल्या नॉर्डलिंगेन गावी १४२६ मध्ये सापडतो. त्यात निवडलेल्या रंगाचा साधा गुलाम सगळ्यांच्या डोक्यावर बसे. १४४० च्या सुमारास इटलीत नेहमीच्या चार रंगांवर चढ असलेला चित्रांचा वेगळा संच निघाला, ट्रिओन्फी. त्याचंच इंग्रजीत ट्रायम्फ आणि पुढे ट्रम्प झालं. १५२९ मध्ये ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने केंब्रिजच्या प्रवचनात चक्क 'बदाम हुकूम' असा दृष्टान्त दिला होता. हिंदीतला तुरुप याच घराण्यातला. आपण मात्र अरबीतून आलेला हुकूम धरला. हिंदीत हुकुम म्हणजे इस्पिक, त्यामुळे उत्तरेकडचा भिडू मिळाला तर पहिल्याच डावात घोळ.

व्हिस्ट या ब्रिजच्या आधीच्या इंग्रजी खेळात हुकूम नशिबाने ठरे: वाटणाऱ्याचं शेवटचं पान उलटायचं, तो रंग हुकूम. हुकमासाठी बोली नाही, त्यामुळे भिडूच्या हातात काय आहे ते फक्त पडणाऱ्या पानांवरून ताडायचं. एडमंड हॉयलची व्हिस्टवरची पुस्तिका १७४२ मध्ये आली आणि हुकूम कधी खेळायचे याचं शास्त्र बनू लागलं. पाच हुकूम हातात असतील तर उतारी (पहिलं पान) हुकमाचीच, हा पुढे जवळजवळ धर्मच झाला. लंडनच्या क्लबांत १८३४ च्या सुमारास लॉर्ड हेन्री बेंटिंक यांच्या नावावर एक युक्ती जमा झाली: गरज नसताना आधी मोठं पान टाकायचं, मग लहान. म्हणजे भिडूला निरोप, 'हुकूम काढ'. आमच्या ओसरीवर याला खुणा करणं म्हणतात आणि पत्ते फेकले जातात. तिकडे तो सर्वांना ठाऊक असलेला संकेत असल्याने चालत असे.

ब्रिज आलं आणि हुकूम लिलावात गेला, म्हणजे बोली लावून ठरू लागला. १९०४ च्या सुमारास ऑक्शन ब्रिज, मग १९२५ मध्ये हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी 'फिनलंड' जहाजावरच्या प्रवासात घडवलेलं कॉन्ट्रॅक्ट ब्रिज. हुकूम आता हिशेबाने बोलला जातो, म्हणून काढायचाही हिशेब. बदाम हुकूम आहे. तुमच्याकडे एक्का, राजा, नव्वी, छक्की, दुर्री, भिडूकडे तीन. समोर पाच उरले. ते ३-२ वाटले जाण्याची शक्यता ६८ टक्के, ४-१ ची २८, आणि पाचही एकाकडे असण्याची फक्त ४. एक्का-राजा खेळलात, ३-२ निघालं, एकटी राणी बाहेर राहिली. ती काढायला गेलात तर त्यांचं एक पान जातं, तुमच्या जोडीची दोन. ती तशीच सोडायची आणि आपला लांब रंग खेळत सुटायचं. राणीने कापलं तर कापू दे, तो हात (त्या फेरीची चार पानं) तसाही तिचाच होता.

मेंढीकोटात हेच अंगाशी येतं, कारण इथे मोल नुसत्या हातांचं नाही, चार दश्श्यांचं आहे. ती सोडलेली राणी नेमकी तुमची मेंढी, म्हणजे दश्शी, कापते. म्हणून इथे भिडूचा हात पक्का दिसला की त्यावर दश्शी टाकून मोकळं व्हायचं. कट हुकमात तर आधी हुकूमच नसतो. ज्याच्याकडे उतारीचा रंग नाही तो जे पान टाकेल तो हुकूम. मग लांब रंग खेळत राहणं म्हणजे दुसऱ्याला हुकूम ठरवायची संधी देणं. शहाणा माणूस आपला दोन-तीन पानी रंग आधी संपवायला बघतो. आणि बंद हुकमात एक पान पालथं चटईवर, वर कुणाचा तरी चष्म्याचा डबा ठेवलेला. "उघडा हुकूम" म्हणेपर्यंत ते फक्त एकालाच ठाऊक, आणि तो शक्यतो तो रंग स्वतः उतरत नाही. चार हात झाले तरी त्याने किलवर का नाही उतरलं, हे ज्याच्या लक्षात येतं त्याला डबा उचलायची गरज नसते.