नगरसेवकपद न सोडता विधानसभेचा अर्ज : पुण्यातील इच्छुकांसाठी नियम आणि कागदपत्रे

विधानसभेचे वारे वाहू लागले की पुण्यातल्या इच्छुक नगरसेवकांना पहिला प्रश्न पडतो, आधी राजीनामा द्यावा लागेल का? लागत नाही. नगरसेवकाला मानधन मिळत असले तरी ते शासनाखालचे लाभाचे पद नाही, त्यामुळे संविधानाच्या अनुच्छेद १९१ची आडकाठी येत नाही. २०१९मध्ये मुक्ता टिळक महापौर असतानाच कसबा पेठेतून आमदार झाल्या आणि नोव्हेंबरात नवे महापौर निवडले जाईपर्यंत त्या पदावर होत्या.

नगरसेवकपद जाण्याचा खरा धोका पक्षबदलात आहे. एका पक्षाच्या चिन्हावर महापालिकेत निवडून आलेल्याने विधानसभेला दुसऱ्या पक्षाचा एबी फॉर्म (पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचे पत्र) जोडला, तर मूळ पक्ष स्वेच्छेने सोडल्याचा तो लेखी पुरावाच ठरतो. १९८६च्या महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याखाली मग पद जाऊ शकते. बंडखोरी करून अपक्ष उभे राहणाऱ्यांनीही हा विचार अर्ज भरण्याआधीच करावा, निकालानंतर नव्हे.

दुसरा धोका गैरहजेरीचा. सलग तीन महिने मुख्य सभेला न गेल्यास पद जाते. आजारपण किंवा सभेने मान्य केलेले कारण असेल तरच सूट मिळते. प्रचार दोन आठवड्यांचा असला तरी तिकिटासाठीची धावपळ त्याच्या कितीतरी आधी सुरू होते आणि महिने त्यातच निघून जातात. रजेचा अर्ज वेळेत नगरसचिव कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

पात्रता आणि अर्ज

वय २५ पूर्ण हवे आणि राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवे. म्हणजे कोथरूडचा मतदार हडपसरमधून लढू शकतो. फक्त आपल्या मतदारयादीतील नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार, मात्र ज्या मतदारसंघातून लढायचे तिथलेच हवेत. प्रभागातला जुना कार्यकर्ता सूचक म्हणून नेला आणि त्याचे नाव शेजारच्या मतदारसंघात निघाले, ही चूक शहरात सहज होते, कारण प्रभागाची हद्द आणि विधानसभेची हद्द जुळतेच असे नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. पुणे कॅन्टोन्मेंट हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, तिथे जातीचा दाखला हवाच.

अर्ज नमुना २ब मध्ये, सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत. एका मतदारसंघात चारपर्यंत अर्ज भरता येतात. दोन तरी भरावेत, वेगवेगळ्या सूचकांचे. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००. रोख किंवा कोषागाराचे चलन चालते, धनादेश नाही. एबी फॉर्म शेवटच्या दिवशी ३ वाजेपर्यंत पोचला पाहिजे आणि त्यावर शाईची मूळ सही हवी. झेरॉक्स चालत नाही. खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेले असावे.

संविधानाशी निष्ठेची शपथ विसरू नका. अर्ज भरल्यानंतर आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंतच ती घेता येते. छाननीच्या सकाळी घेतलेली शपथ चालत नाही. त्यापेक्षा अर्ज देतानाच ती उरकून घ्यावी.

नमुना २६ : इथे सर्वाधिक वेळ द्या

या शपथपत्रात स्वतःचे, जोडीदाराचे आणि अवलंबितांचे उत्पन्न, मालमत्ता व देणी लिहावी लागतात. प्राप्तिकर विवरणपत्रातील उत्पन्न मागच्या पाच वर्षांचे. मिळकतकर आणि पाणीपट्टीची थकबाकीही देण्यांत येते. महापालिकेत बसून करवसुलीवर बोलणाऱ्याची स्वतःची थकबाकी शपथपत्रात दिसणे मतदाराला खटकते, आणि खटकायलाच हवे. ती आधीच भरून टाका.

नगरसेवकांची सर्वात मोठी अडचण आंदोलनांतल्या गुन्ह्यांची. रास्ता रोको केला, जमावबंदी मोडली, पुढे काय झाले ते कोणी पाहिलेच नाही. पण प्रलंबित असलेला प्रत्येक गुन्हा नंबर, कलम आणि पोलीस ठाण्यासह लिहावा लागतो. महिनाभर आधी वकिलामार्फत पोलीस ठाणी आणि न्यायालयाकडून यादी मिळवा. गुन्हे प्रलंबित असतील तर प्रचारकाळात वर्तमानपत्र आणि वाहिनीवर तीन वेळा जाहिरात द्यावी लागते. रकाना कोरा ठेवू नका; लागू नसेल तर तसे लिहा. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने सांगूनही कोरा राहिला तर अर्ज बाद होतो.

आचारसंहितेतले नगरसेवकपद

प्रभागातली कामे थांबत नाहीत, श्रेय घेणे थांबते. 'स' यादीतले, म्हणजे अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांपैकी, एखादे काम प्रत्यक्ष सुरू झाले असेल तर चालू राहते. कार्यादेश निघाला पण जागेवर कुदळ पडली नसेल तर थांबते. भूमिपूजन आणि उद्घाटन बंद. तुंबलेल्या ड्रेनेजची तक्रार क्षेत्रीय कार्यालयाकडे पाठवणे हे कर्तव्य आहे. त्या कामासाठी आलेल्या टँकरवर किंवा गाडीवर आपला फ्लेक्स लावणे हा आचारसंहितेचा भंग. नावाच्या कमानी आणि बाकांवरची नावे झाकली जातात. महापौरांची किंवा समिती अध्यक्षांची महापालिकेची गाडी प्रचारासाठी वापरता येत नाही. संपर्क कार्यालयात नागरिकांची कामे आणि प्रचाराचे साहित्य एकाच टेबलावर ठेवू नका; जागा आणि माणसे दोन्ही वेगळी असावीत. दाखल्यासाठी आलेल्या माणसाच्या हातात पत्रक देणे नियमाच्या पलीकडेही गैर आहे, कारण तो त्या वेळी तुमच्याकडे मतदार म्हणून नव्हे, नागरिक म्हणून आलेला असतो.

खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, हरलेल्यांनीही. तो न दिल्यास निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.