मसाल्यांतील अघोषित ग्लुटेन व ॲलर्जीकारक घटक

मसाल्यात असूनही वेष्टनावर न छापलेले ग्लुटेन किंवा ॲलर्जी आणणारे अन्य पदार्थ, तसेच ते रोखण्याची उत्पादकाची व्यवस्था, असा या नोंदीचा विषय आहे. ग्लुटेन हे गहू, जव व राय या धान्यांतील प्रथिन असून सीलिॲक विकारात त्यामुळे लहान आतड्याला इजा होते; हा विकार ॲलर्जी नव्हे, तरी कारखान्यातली दक्षता दोन्हींसाठी बरीचशी सारखीच असते.

मिरची, धने, जिरे, हळद यांत मुळात ग्लुटेन नसते. ते बाहेरून येते आणि त्याची सर्वांत दुर्लक्षित वाट हिंगाची आहे. बाजारातल्या नेहमीच्या हिंगात मैदा किंवा तांदळाचे पीठ आणि खाण्याचा डिंक मिसळलेला असतो. किलोभर मसाल्यात 5 ग्रॅम हिंग पडला, त्यात निम्मा मैदा असला आणि मैद्याचा दहावा हिस्सा ग्लुटेन धरला, तर मसाल्यात 250 मिलिग्रॅम ग्लुटेन येते. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवण्यासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेची आणि भारताचीही कमाल मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम आहे. त्यामुळे हिंगाच्या पुरवठादाराकडून ‘शुद्ध आहे’ एवढे तोंडी उत्तर घेऊन भागत नाही. पीठ कोणते, हे लेखी घ्यावे लागते.

दुसरी वाट कांडपाची. कोल्हापुरात उन्हाळ्यात वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, डंकावर कुटून घेण्याची पद्धत आहे. ज्या गिरणीत चटणीसोबत थालीपिठाची भाजणी, गहू घातलेले मेतकूट किंवा शेंगदाण्याचे कूटही होते, तिथे एकाचे उरलेसुरले दुसऱ्यात जाते. घरच्या चटणीला हे चालून जाते, कारण खाणारे ओळखीचे असतात. पण तिथूनच कांडप करून घेऊन पाकिटे विकणाऱ्या उत्पादकाला ते चालत नाही. मसाल्याचे यंत्र पाण्याने धुतले तर ओल राहून गुठळ्या व बुरशी होते, म्हणून ब्रश, व्हॅक्यूमने पूड शोषून घेणे आणि मिठाचा एक घाणा फिरवून टाकून देणे, असे कोरडे उपाय करतात. हवेच्या झोताने पीठ निघते खरे, पण ते शेजारच्या यंत्रावर जाऊन बसते. चाळणीची चौकट आणि मसाला पुढे ढकलणाऱ्या स्क्रूच्या टोकाची पोकळी उघडून पाहिल्याशिवाय सफाई झाली असे मानू नये. गव्हाची जुनी पोती धन्यासाठी पुन्हा वापरणे हा आणखी एक नेहमीचा दोष.

भारतात 2020 च्या लेबलिंग विनियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, शेंगदाणा, दूध, सोयाबीन इत्यादी घटक वेगळ्या विधानात जाहीर करावे लागतात. चटणीतला तीळ आणि मसाल्यातली मोहरी मात्र या यादीत नाहीत. युरोपीय संघात दोन्ही जाहीर करणे बंधनकारक असून अमेरिकेत तिळासाठी ते 1 जानेवारी 2023 पासून लागू आहे. निर्यातीच्या पाकिटाचा मजकूर म्हणूनच वेगळा करावा लागतो.

2014-15 मध्ये शेंगदाण्याचे प्रथिन आढळल्याने अमेरिकेत जिरेपूड असलेली अनेक उत्पादने परत मागवावी लागली. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये जिऱ्याच्या एका प्रकरणात बदाम असल्याचा निष्कर्ष निघाला होता. पुढे तो महलब या बदामाच्या नात्यातल्या झाडाच्या बियांमुळे आल्याचे दिसले. मसाल्यांत चाचणी उलट दिशेनेही चुकते. लवंग-दालचिनीतील पॉलिफेनॉल ही नैसर्गिक द्रव्ये प्रथिनांना बांधून ठेवतात आणि एलायझा या प्रतिपिंडांनी प्रथिन ओळखणाऱ्या चाचणीत ग्लुटेन कमी दिसते. म्हणून नमुन्यात मोजके ग्लुटेन मुद्दाम घालून ते किती परत मिळते, हे प्रयोगशाळेकडून त्याच मसाल्यावर तपासून घेतात.