जर्मनीतील वैद्यकीय भाषापरीक्षा

जर्मनीबाहेर वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉक्टरला तेथे ‘अप्रोबात्सिओन’, म्हणजे कायमस्वरूपी वैद्यकीय परवाना, हवा असेल तर पदवीबरोबरच जर्मन भाषेचे ज्ञानही सिद्ध करावे लागते. त्यासाठी घेतल्या जाणाऱ्या परीक्षेचे नाव ‘फाखश्प्राखप्र्यूफुंग’, म्हणजे व्यावसायिक भाषेची परीक्षा, असे असून उमेदवार तिला ‘एफएसपी’ म्हणतात. वैद्यकशास्त्राचे ज्ञान तपासणे हा तिचा हेतू नाही. रुग्णाचे बोलणे डॉक्टरला नीट कळते का, आणि कळलेले तो रुग्णाला, कागदाला व सहकाऱ्याला त्या त्या भाषेत सांगू शकतो का, एवढेच तिच्यात पाहिले जाते.

संघीय वैद्यक व्यवसाय कायद्याच्या कलम ३ मध्ये परवान्याच्या अटी दिल्या आहेत. व्यवसायासाठी ‘आवश्यक तेवढे’ जर्मन येणे ही त्यांपैकी एक अट आहे. मात्र आवश्यक म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. कायदा संघराज्याचा असला तरी परवाना सोळा घटकराज्यांची खाती देतात, त्यामुळे या मोघम शब्दांचा अर्थ बराच काळ राज्यागणिक बदलत असे. जून २०१४ मध्ये राज्यांच्या आरोग्यमंत्र्यांच्या परिषदेने सामाईक निकष ठरवले. भाषाज्ञानाच्या ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांच्या युरोपीय मोजपट्टीनुसार डॉक्टरचे सर्वसाधारण जर्मन किमान बी-२ आणि वैद्यकीय व्यवहारातील जर्मन सी-१ पातळीचे असावे, असे त्यांत म्हटले आहे. दंतवैद्य व औषधनिर्माते यांच्यासाठीही व्यावसायिक भाषेची पातळी सी-१च आहे. संवादातून मानसिक उपचार करणाऱ्या सायकोथेरपिस्टांसाठी मात्र ती सी-२ ठेवली आहे, आणि ज्या उपचारात बोलणे हेच औषध असते तिथे ते समजण्यासारखे आहे.

हा प्रश्न ऐरणीवर येण्याचे एक कारण १ एप्रिल २०१२ रोजी लागू झालेला पात्रता-मान्यता कायदा हे होते. तोपर्यंत पूर्ण परवाना प्रामुख्याने जर्मन व युरोपीय संघाच्या नागरिकांपुरता मर्यादित होता. या कायद्याने नागरिकत्वाची अट काढली आणि भारतीय, सीरियन किंवा इजिप्शियन डॉक्टरलाही तो मिळवण्याचा मार्ग खुला झाला. तरीही भाषेची अट फक्त युरोपबाहेरच्यांसाठी आहे, असे समजणे चूक ठरेल. पोलंड किंवा रुमानियातील पदवी युरोपीय नियमांनुसार आपोआप मान्य होते, पण तिथल्या डॉक्टरलाही भाषाज्ञान दाखवावेच लागते. दंतवैद्य हाइम यांच्या खटल्यात ४ जुलै २००० रोजी युरोपीय न्यायालयाने रुग्णाशी, तसेच प्रशासनाशी व व्यावसायिक संस्थांशी नीट संवाद साधता येणे हा भाषेची अट घालण्यास पुरेसा आधार मानला. मात्र ही अट गरजेपेक्षा कडक नसावी, असेही बजावले.

परीक्षा बहुतेक ठिकाणी राज्यातील डॉक्टरांचे वैधानिक मंडळ घेते. राज्ये सोळा असली तरी मंडळे सतरा आहेत, कारण नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियात दोन मंडळे आहेत. परीक्षेचे प्रत्येकी वीस मिनिटांचे तीन भाग असतात. पहिल्या भागात रुग्णाची भूमिका करणाऱ्या परीक्षकाकडून तक्रारी, पूर्वीचे आजार, चालू औषधे, ॲलर्जी, सवयी आणि घरची परिस्थिती विचारून घ्यायची असते. दुसऱ्या भागात त्याच मुलाखतीचा लेखी अहवाल तयार करायचा असतो. तिसऱ्या भागात तोच रुग्ण वरिष्ठ डॉक्टरपुढे मांडून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची असतात. म्हणजे एकच आजार तासाभरात तीन वेगवेगळ्या भाषांत सांगावा लागतो, आणि परीक्षेची खरी कसोटी इथेच आहे.

जर्मन रुग्ण ‘अपेंडिसिटिस’ म्हणत नाही, तो ‘ब्लिंडडार्मएन्टत्स्युंडुंग’ म्हणतो. डॉक्टरच्या अहवालात मात्र पहिलाच शब्द यावा लागतो. तोच शब्द रुग्णाशी बोलताना वापरला, तर रुग्ण ‘म्हणजे काय?’ असे विचारतो, आणि परीक्षेतला रुग्ण हे हमखास विचारतो. बोलीतले शब्द तर कोशात पाहूनही पटकन उलगडत नाहीत. कंबरेत अचानक भरलेल्या उसणेला जर्मन माणूस ‘हेक्सेनशुस’, म्हणजे चेटकिणीने मारलेला नेम, म्हणतो. मधुमेह असलेला वृद्ध नुसतेच ‘मला साखर आहे’ असे सांगतो. ‘शुगर आहे’ असे ऐकण्याची सवय असलेल्या आपल्याकडच्या डॉक्टरला निदान हे तरी परके वाटू नये. वेदनेचे प्रकार विचारतानाही नेमके शब्द लागतात. मराठीत कळ, ठणका, चमक, आग हे जसे वेगळे, तसेच जर्मनमध्ये टोचणारे, दाबणारे, ओढणारे व जळजळणारे दुखणे वेगळे, आणि निदानाची दिशा बऱ्याचदा त्या एका विशेषणावर ठरते.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या डॉक्टरला हा दुहेरी व्यवहार मुळात नवा नसतो. बाह्यरुग्ण विभागात तो मराठीत विचारपूस करतो आणि केसपेपर इंग्रजीत लिहितो. फरक इतकाच की इथे दोन भाषांमध्ये वाटले गेलेले काम तिथे एकाच भाषेच्या दोन थरांत करायचे असते, आणि एका थरातून दुसऱ्यात उतरताना इंग्रजीचा आधार मिळत नाही. अहवालात रुग्णाने सांगितलेली हकीकत क्रियापदाच्या खास परोक्ष रूपात लिहिण्याची पद्धत आहे. त्या रूपामुळे ‘तीन दिवस ताप आहे’ हे डॉक्टरचे विधान न राहता ‘ताप असल्याचे रुग्ण सांगतो’ असे होते. आपल्या ‘म्हणे’शी त्याचे नाते आहे, मात्र ‘म्हणे’मधली शंका त्यात नसते. आकड्यांच्या बाबतीत मराठी कामाला येते. ‘पंचवीस’प्रमाणे जर्मनमध्येही एकक आधी आणि दशक नंतर उच्चारतात. आकडे इंग्रजीतच मोजण्याची सवय झालेल्यांकडून मात्र घाईत ५२ चे २५ होतात, आणि औषधाच्या मात्रेत ही चूक क्षुल्लक नसते.

शालेय किंवा वैद्यकीय शिक्षण जर्मन माध्यमातून झालेल्यांना साधारणपणे या परीक्षेतून सूट मिळते. इतरांना बी-२ चे प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. त्यासाठीचे शिक्षण व परीक्षा यांची सोय भारतात मॅक्स म्युलर भवन या नावाने चालणाऱ्या गोएथे संस्थेत आहे. तिची केंद्रे मुंबईत व पुण्यातही आहेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूतील विद्यापीठाच्या विभागातही जर्मन शिकवले जाते. सर्वसाधारण प्रमाणपत्र हाती असले तरी एफएसपीची तयारी वेगळी करावी लागते, कारण बी-२ च्या वर्गात पर्यावरण व प्रवास यांवर निबंध लिहिलेल्या विद्यार्थ्याला मलविसर्जनाविषयी सभ्य शब्दांत प्रश्न कसा विचारावा, हे कोणी शिकवलेले नसते.

परीक्षेचे शुल्क काहीशे युरो असून ते मंडळागणिक बदलते. अनुत्तीर्ण झाल्यास ती सामान्यतः पुन्हा देता येते. भारतीय पदवीधरांची गाठ बहुधा आणखी एका परीक्षेशी पडते. पदवी जर्मन शिक्षणाशी समकक्ष ठरली नाही, तर ‘केन्टनिसप्र्यूफुंग’ ही प्रत्यक्ष वैद्यकीय ज्ञानाची तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. तिचा भर अंतर्गत वैद्यक व शल्यचिकित्सा यांवर असतो आणि ती दोनदाच पुन्हा देता येते. या दोन परीक्षांची गल्लत अनेकदा होते; भाषापरीक्षा उत्तीर्ण झाल्याने पदवीची समकक्षता सिद्ध होत नाही, आणि समकक्षता मिळाल्याने भाषेची अट सुटत नाही. पूर्ण परवान्यापूर्वी मर्यादित काळासाठी दिल्या जाणाऱ्या ‘बेरूफ्सएरलाउबनिस’ या कामाच्या परवानगीसाठीही राज्ये सहसा भाषापरीक्षेचा दाखला मागतात.