अमेरिकेतून निवृत्त होऊन परत येताना: आधी कागदांचा क्रम, मग खर्चाचा हिशोब

"पुण्यात दोघांना महिन्याला किती लागतात गं?" परदेशातून येणाऱ्या प्रत्येक फोनवर हाच पहिला प्रश्न असतो. मी बँकेत परकीय चलन विभागात नोकरी केली. निवृत्तीनंतर नातेवाइकांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे कागद बघून देते. म्हणून उत्तर तयार असतं: घर स्वतःचं असेल, तर स्वयंपाकाच्या मावशी, औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स, वीज आणि रिक्षा धरून लाखभरात नीट भागतं. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीची, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनची, सरासरी निवृत्ती रक्कम महिना दोन हजार डॉलरच्या आसपास आहे. डॉलर ८५ रुपये धरला, तरी एकाच माणसाचे १ लाख ७० हजार होतात. तिकडे हात-पाय थकल्यावर मदतनिसांच्या सोबतीच्या निवासात (असिस्टेड लिव्हिंग) राहायचं म्हटलं, तर २०२४ सालच्या हिशोबाने वर्षाला सुमारे ७० हजार डॉलर लागतात.

आकडे पाहून माणूस तिकीट काढतो, आणि फसतो तो इथेच. भारतातला हा कमी खर्च कागद योग्य क्रमाने केलेल्यांच्याच वाट्याला येतो. क्रम चुकला की तीच बचत करात, विम्यात आणि विमानभाड्यात जाते. मी हे अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी जोडप्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. ग्रीन कार्डवाल्यांसाठी पुढे वेगळं सांगितलं आहे.

ओसीआय: अडतं ते जुन्या पासपोर्टपाशी

ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', हे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारतात व्हिसाशिवाय राहू देणारं कार्ड. त्याची पात्रता सोपी आहे. २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर तुम्ही भारताचे नागरिक होतात, किंवा त्या दिवशी नागरिक होण्यास पात्र होतात, किंवा १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशातले आहात, तर अर्ज करता येतो. गोव्याची मंडळी या शेवटच्या कलमात बसतात. अशा व्यक्तींची मुलं, नातवंडं आणि पतवंडंही पात्र आहेत. पाकिस्तान किंवा बांगलादेशाचं नागरिकत्व कधी घेतलेलं असेल, तर नाही. अमेरिकेतून अर्जाचं शुल्क २७५ डॉलर आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, फोटो आणि सही चढवायची, छापील प्रत पाठवायची. यात कुणी अडत नाही.

लोक अडतात ते भारतीय पासपोर्ट परत केल्याच्या दाखल्यावर. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व त्याच दिवशी संपतं. मग जुना पासपोर्ट वकिलातीत देऊन तो रद्द करून घ्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. १९८५-९० च्या सुमारास नागरिक झालेल्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. पासपोर्टची मुदत संपली, तो ड्रॉवरमध्ये पडला, दोन घरं बदलली आणि तो गेला.

माझ्याकडे आलेल्या एका काकांचा पासपोर्ट शेवटी सांगलीत, आईच्या ट्रंकेत सापडला. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, आत १९७९ चा विद्यार्थी व्हिसा. त्या एका निळ्या पुस्तिकेवाचून त्यांचा अर्ज पाच महिने थांबला होता. म्हणून आजच शोधा. आई-वडिलांचं कपाट, भावाकडचं लॉकर, जुन्या नोकरीची फाइल, सगळं बघा. पुस्तिका मिळालीच नाही तर निदान क्रमांक मिळवा. अमेरिकी नागरिकत्वाच्या अर्जाची प्रत किंवा बँकेचं जुनं खातं, यांत तो असू शकतो. हरवल्याचं प्रतिज्ञापत्र क्रमांकासह दिलं तर चौकशी पुढे सरकते. क्रमांकाशिवाय महिनोन्महिने वाट बघावी लागते. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोवेकरांना या दाखल्याऐवजी पासपोर्ट रद्द केल्याचं प्रमाणपत्र चालेल, असा खुलासा केंद्र सरकारने २०२४ मध्ये केला आहे. तुम्ही त्यात असाल तर ते आवर्जून मागा.

दुसरी अडचण खास आपल्याकडची आहे, आणि ती बायकांच्याच वाट्याला येते. लग्नात आडनाव तर बदलतंच, कित्येकींचं पहिलं नावही बदललेलं असतं. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, भारतीय पासपोर्टवर वैशाली, आणि अमेरिकी पासपोर्टवर मधलं नाव गायब. तपासणाऱ्याच्या दृष्टीने या तीन वेगळ्या बायका. दोन्ही नावं जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, आणि सत्तरच्या दशकातली लग्नं बहुतेक नोंदवलेलीच नाहीत. उशिरा नोंदणी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आजही होते. मात्र अर्जावर तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या भटजींचीही सही मागतात. पन्नास वर्षांपूर्वीचे भटजी आता कुठून आणायचे? कुणी नाहीच म्हटल्यावर प्रतिज्ञापत्राचा पर्याय आहे, पण खिडकीवरचा माणूस तो आपणहून सांगत नाही, तुम्हाला विचारावा लागतो. लग्नपत्रिका आणि लग्नातला फोटो सोबत ठेवा. पुढच्या भारतभेटीतला एक आठवडा फक्त यासाठी राखून ठेवा. हे काम परत आल्यावर करू म्हणणाऱ्या वहिनींचे हाल मी पाहिले आहेत. नवऱ्याचं कार्ड आलं आणि त्यांना मात्र व्हिसावर यावं लागलं.

कार्ड आधीच असेल, तर वयाची ५० वर्षं पूर्ण झाल्यावर जो पहिला नवा पासपोर्ट निघतो, त्याची प्रत आणि ताजा फोटो संकेतस्थळावर एकदा चढवायचा असतो. तो पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांत. यासाठी शुल्क नाही, कार्डही बदलावं लागत नाही. "नवं कार्ड काढून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा.

एक मनावर घ्या: ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही. शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेता येत नाही. मुळशीकडे गुंठेवारीत टुमदार घर बांधायचं स्वप्न घेऊन येणाऱ्यांना मी पहिल्याच भेटीत हे सांगते, कारण विसार देऊन बसल्यावर सांगून काही उपयोग नसतो. वडिलोपार्जित जमीन वारसाने येऊ शकते, सातबाऱ्यावर नाव लागू शकतं. फ्लॅट घ्यायला काही आडकाठी नाही.

कोणत्या तारखेला उतरायचं

एवढ्या पैशांचा प्रश्न असून सगळ्यात कमी लक्ष इथे दिलं जातं. भारताचं कराचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, आणि ते तुमच्या डोक्यातल्या जानेवारी-डिसेंबरशी जुळत नाही.

परतलेल्या माणसाला काही काळ 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' असा दर्जा मिळतो. त्याला सगळे आरएनओआर म्हणतात. त्या काळात परदेशातलं व्याज, लाभांश, ४०१(के)मधून, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या निवृत्ती खात्यातून, काढलेली रक्कम यांवर भारतात कर लागत नाही. हा दर्जा मिळायला मागच्या दहांपैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असायला हवं, किंवा मागच्या सात वर्षांत भारतातला मुक्काम एकूण ७२९ दिवस किंवा कमी हवा.

आता तारखा बघा. १५ ऑगस्ट २०२६ ला उतरलात, तर ३१ मार्चपर्यंत २२९ दिवस होतात. वर्षात १८२ दिवस भरले की माणूस करासाठी निवासी ठरतो, म्हणजे तुम्ही त्याच वर्षी निवासी. पहिलं आणि दुसरं वर्ष आरएनओआर, सवलत ३१ मार्च २०२८ पर्यंत. तिसरं वर्ष आधीच्या भेटींचे दिवस फारच कमी असतील तरच. तेच १५ ऑक्टोबरला उतरलात, तर १६८ दिवस. पहिलं वर्ष अनिवासी, मग दोन वर्षं आरएनओआर, सवलत ३१ मार्च २०२९ पर्यंत. दोन महिने थांबलात तर पूर्ण वर्ष पदरात पडतं.

पण इथे एक खोच आहे. मागच्या चार वर्षांत भारतात एकूण ३६५ दिवस राहिला असाल, तर कायमचं परतताना १८२ नव्हे, ६० दिवसांतच निवासी ठरता. दर हिवाळ्यात तीन-साडेतीन महिने येऊन राहणारी मंडळी नकळत याच्यात सापडतात. पासपोर्टवरचे शिक्के काढून दिवस मोजा, येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही दिवस धरून. "साधारण तीन महिने" असा अंदाज इथे चालत नाही.

आणखी एक. आरएनओआर असतानाही जी रक्कम पहिल्यांदा भारतातच हातात पडते, ती करपात्र होते. म्हणून ४०१(के) किंवा आयआरएची (स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्याची) रक्कम आधी अमेरिकेतल्या खात्यात घ्या, मग इकडे पाठवा. मोठ्या रकमा काढायच्या असतील तर याच वर्षांत काढा. रॉथ खात्याला (कर आधीच भरलेल्या पैशांच्या निवृत्ती खात्याला) अमेरिकेसारखी करमाफी भारतातही मिळेल, असं धरून चालू नका. हा काळ संपल्यावर निवृत्ती खात्यात साठलेल्या उत्पन्नावरचा भारतातला कर पैसे काढेपर्यंत पुढे ढकलता येतो. जुन्या कायद्यात ही सोय कलम ८९अ मध्ये आहे. तो पर्याय विवरणपत्राच्या मुदतीआधी द्यावा लागतो आणि एकदा दिला की मागे घेता येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे जुने क्रमांक कुणी सांगितले तर नवे कोणते, ते विचारा.

सोशल सिक्युरिटीबाबत दोन देशांतला करार स्पष्ट आहे: तिच्यावर कर फक्त अमेरिका घेते. तरी विवरणपत्र भरणारे कित्येक जण ती भारतातल्या उत्पन्नात धरतात. तुम्हीच त्यांना कराराचं कलम २० दाखवा.

अमेरिकेचा नागरिक कुठेही राहिला तरी अमेरिकेचं विवरणपत्र भरायचंच. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदाही १० हजार डॉलरवर गेली, तर एफबारही, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकेचा फॉर्म. आणि इथले म्युच्युअल फंड घेण्याआधी दहा वेळा विचार करा, अमेरिकेच्या करनियमांत ते फार जाचक ठरतात.

बँक

कायमचं परत आलात की बँकेला कळवा. एनआरई (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं) खातं निवासी किंवा आरएफसी (निवासी व्यक्तीचं परकीय चलनातलं) करून घ्यायचं असतं. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आरएफसी. "कोण बघतंय" म्हणून एनआरई तसंच चालू ठेवून व्याज करमुक्त दाखवलेलं पुढे चांगलंच महागात पडतं. मी खिडकीच्या आतल्या बाजूने हे पाहिलं आहे. आधार कार्डासाठी ओसीआयधारकाचा मागच्या बारा महिन्यांतला मुक्काम १८२ दिवस हवा, त्यामुळे ते पहिल्या सहा महिन्यांत मागायला जाऊ नका, हेलपाटा पडेल.

मेडिकेअर सोडायचं की ठेवायचं

मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेचा ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, भारतात चालत नाही. ते कळलं की लोक त्यातला पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) लगेच बंद करतात, कारण २०२६ मध्ये त्याचा हप्ता महिना २०२.९० डॉलर आहे, दोघांचे वर्षाला ४,८७० डॉलर. बंद करण्याआधी थांबा. पुन्हा सुरू करायचं म्हटलं तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १० टक्के जादा, तेही आयुष्यभर. पाच वर्षांनी परत गेलात तर हप्ता दीडपट. शिवाय अर्ज फक्त १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात घेतात. जूनमध्ये आजारी पडलात तर पुढच्या वर्षाची वाट बघायची.

इकडे भारतात आरोग्यविम्याला १ एप्रिल २०२४ पासून वयाची कमाल अट राहिलेली नाही. मात्र मधुमेह, रक्तदाब असे आधीचे आजार ३६ महिन्यांपर्यंत पॉलिसीत धरले जात नाहीत. त्यामुळे माझं सांगणं असं: इथली पॉलिसी शक्य तितक्या लवकर घ्या, आजार एकही न लपवता लिहा, आणि तिची थांबण्याची मुदत संपेपर्यंत पार्ट बी चालू ठेवा. तीन वर्षांचा हा दुहेरी हप्ता निवृत्तीच्या हिशोबात आधीच धरा. ज्यांची मुलं तिकडे आहेत आणि जे पुन्हा तिकडे जाऊ शकतात, त्यांनी तर नक्कीच.

हयातीचा फॉर्म

परदेशात राहणाऱ्या लाभार्थ्यांना सोशल सिक्युरिटी दर वर्षी किंवा एक वर्षाआड एसएसए-७१६२ नावाची प्रश्नावली टपालाने पाठवते, मे-जूनच्या सुमारास. तुम्ही हयात आहात का, पत्ता तोच आहे का, एवढंच विचारतात. ती भरून परत गेली नाही की रक्कम थांबते.

ती पोचत नाही, कारण आपला पत्ता. "दत्तमंदिरामागे, जुन्या पिठाच्या गिरणीसमोर, दुसरा मजला" हे त्यांच्या चार ओळींत मावत नाही. मध्येच तुटतं, कधी पिन कोडच गळतो. म्हणून पत्ता कळवताना फ्लॅट, सोसायटी, रस्ता, शहर आणि पिन कोड एवढंच लिहा. पोस्टमनशी ओळख ठेवा, सोसायटीच्या वॉचमनला लिफाफ्याबद्दल सांगून ठेवा. ऑगस्टपर्यंत काही आलं नाही तर स्वतःहून विचारणा करा. एका मावशींचे पैसे फेब्रुवारीत थांबले आणि फॉर्म तळमजल्यावरच्या दुसऱ्याच कुणाच्या पत्रपेटीत सापडला, फाडलेलासुद्धा नव्हता. पैसे पुढे मागील बाकीसह मिळाले, पण मधले महिने त्यांनी मुदतठेव मोडून काढले.

ग्रीन कार्डवाल्यांसाठी

तुमचा भारतीय पासपोर्ट कायम आहे, म्हणून ओसीआयची गरज नाही. ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी भरली असेल तर भारतीय नागरिकाला सोशल सिक्युरिटी भारतातही मिळत राहते. मात्र ग्रीन कार्ड सोडल्यावर अनिवासी परदेशी म्हणून २५.५ टक्के आधीच कापून येते. दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे भारतातली नोकरीची वर्षं यात जोडता येत नाहीत. ३८ क्रेडिटवर घाईने परतलेले गृहस्थ मी पाहिले आहेत. दोन क्रेडिटसाठी आणखी सहा महिने काम पुरलं असतं.

परत जायची शक्यता ठेवायची असेल, तर पुनर्प्रवेशाच्या परवान्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. भारतात येऊन तो करता येत नाही, आणि त्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची असते.