बांधणी, बहुमॉड्यूल प्रकल्पाची

अनेक मॉड्यूलांत (स्वतंत्रपणे बांधता येणाऱ्या भागांत) विभागलेल्या संगणक-प्रकल्पाच्या सोर्स कोडपासून चालवण्याजोगी आज्ञावली तयार करण्याची क्रिया. बोलताना ‘बिल्ड मारणे’ असेच म्हणतात. ‘संकलन’ हा शब्द एकेक फाइल कंपाइल करण्यापुरता ठेवणे बरे, म्हणून येथे ‘बांधणी’ हा शब्द योजला आहे. ही नोंद मुख्यतः जावा भाषा व ‘मेव्हन’ हे साधन यांपुरती आहे.

उगम : बांधणी-साधनांचा आरंभ बहुधा ‘मेक’पासून धरतात. ते बेल लॅब्जमधील स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिले. काळाबाबत १९७६, १९७७ आणि १९७९ अशी तीन वर्षे दिलेली आढळतात. पहिले वर्ष साधन प्रत्यक्ष तयार झाल्याचे, दुसरे बेल लॅब्जच्या अहवालाचे व तिसरे नियतकालिकातील लेखाचे आहे. तेव्हा १९७६ हेच ग्राह्य दिसते. निमित्त मोठे बोलके होते. ‘याक’ या व्याकरणावरून पार्सर तयार करणाऱ्या साधनाचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन यांनी एक चूक दुरुस्त केली, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली आणि बरोबर असलेल्या कोडमध्ये दोष शोधण्यात त्यांची सकाळ गेली. बहुमॉड्यूल प्रकल्पांचे मुख्य दुखणे आजही तेच आहे : कोड नवा, पण जोडला गेलेला तुकडा जुना.

प्रकल्प मोठे झाल्यावर प्रत्येक उपफोल्डरात स्वतंत्र ‘मेक’ चालवण्याची रीत पडली. १९९७-९८च्या सुमारास पीटर मिलर यांनी तिच्यावर नेमके बोट ठेवले. अशा रीतीत एकाही ‘मेक’ला परस्परावलंबनाचा पूर्ण आलेख दिसत नाही, म्हणून काही भाग उगाच पुन्हा बांधले जातात, तर काही बांधायचे राहून जातात. मेव्हनचा जन्म २००१-०२च्या दरम्यान अपाचेच्या ‘टर्बाइन’ प्रकल्पाच्या परिसरात झाला. संपूर्ण आलेख आधी वाचून क्रम लावणारा ‘रिअ‍ॅक्टर’ पहिल्या आवृत्तीत वेगळा बोलवावा लागे. २००५च्या दुसऱ्या आवृत्तीपासून तो गाभ्यात आला. मिलर यांच्या आक्षेपाचे खरे उत्तर हेच मानावे लागेल.

रचना व क्रम : इंदुरातील एखाद्या मराठी वाचनालयाची देवघेव-प्रणाली उदाहरणादाखल घेऊ. ‘कोअर’मध्ये पुस्तक व वर्गणीदार यांच्या व्याख्या, ‘डेटा’मध्ये साठवण, ‘सर्व्हिस’मध्ये देवघेवीचे व दंडाचे नियम, ‘वेब’मध्ये पडद्यावरील पाने. मुळाशी असलेल्या पॉम फाइलीत (मेव्हनला प्रकल्पाचे वर्णन देणाऱ्या फाइलीत) या चारांची यादी असते व तिचे पॅकेजिंग, म्हणजे तयार होणाऱ्या वस्तूचा प्रकार, ‘पॉम’ असते. यादी देणे (एकत्रीकरण) आणि मूळ पॉमकडून आवृत्त्या व मांडणी घेणे (वारसा) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच फाइल सहसा दोन्ही कामे करते, त्यामुळे घोटाळा होतो. बांधणीचा क्रम यादीवरून नव्हे, तर कोणते मॉड्यूल कोणावर अवलंबून आहे यावरून ठरतो. मॉड्यूल एकमेकांवर अवलंबून नसतील तरच यादीचा क्रम उपयोगी पडतो. ‘डिपेंडन्सी मॅनेजमेंट’मध्ये (पॉममधील आवृत्त्या ठरवून ठेवण्याच्या भागात) नुसती नोंद केल्याने क्रम बदलत नाही. दोन मॉड्यूल एकमेकांवर अवलंबून असतील, तर मेव्हन चक्राची तक्रार करून सुरुवातीलाच थांबतो. अशा वेळी दोघांना लागणारे वर्ग (क्लास) तिसऱ्या मॉड्यूलात हलवावे लागतात.

कृती : प्रथम जावाची आवृत्ती पाहावी. ‘जावा होम’ ही यंत्रावरील मांडणी जुन्या जेडीकेकडे (जावाच्या विकास-संचाकडे) वळलेली असल्यास ‘इनव्हॅलिड टार्गेट रिलीज’ असा संदेश येतो. वर्ग-फाइलींवरील (कंपाइल झालेल्या फाइलींवरील) ५२ हा क्रमांक जावा ८चा, ५५ जावा ११चा व ६१ जावा १७चा. चालवताना आवृत्ती जुळत नसल्याच्या संदेशात हेच आकडे दिसतात. प्रकल्पासोबत रॅपर (एमव्हीएनडब्ल्यू, म्हणजे ठरलेल्या आवृत्तीचा मेव्हन आणून चालवणारी लिपी) असल्यास तोच वापरावा. लिनक्सवर त्याला चालवण्याची परवानगी द्यायची राहिलेली असते, हे नेहमीचेच.

पूर्ण बांधणी मुळाच्या फोल्डरातून करावी. ‘एमव्हीएन क्लीन इन्स्टॉल’ ही आज्ञा सवयीने दिली जाते, पण ‘क्लीन व्हेरिफाय’ अधिक सुरक्षित वाटते. ‘इन्स्टॉल’ प्रत्येक मॉड्यूलची जार (वर्ग-फाइलींचे गाठोडे) वापरकर्त्याच्या होम फोल्डरातील ‘डॉट एम२’ भांडारात टाकते. पुढे केव्हातरी ‘वेब’ एकटेच बांधले, की ‘कोअर’ची आठवड्यापूर्वीची जार निमूटपणे उचलली जाते. एकच मॉड्यूल हवे असल्यास ‘-पीएल वेब -एएम’ द्यावे. त्यामुळे ते ज्यांवर अवलंबून आहे ती मॉड्यूलेही बांधली जातात. बांधणी मध्येच पडल्यास ‘-आरएफ’ने पडलेल्या मॉड्यूलापासून पुढे जाता येते.

चाचण्या गाळण्याचे दोन मार्ग सारखे नाहीत. ‘स्किप टेस्ट्स’ चाचण्या कंपाइल करतो, पण चालवत नाही. ‘मेव्हन टेस्ट स्किप’ त्या कंपाइलही करत नाही. दुसऱ्या मॉड्यूलची ‘टेस्ट-जार’ (चाचण्यांच्या वर्गांची जार) लागत असेल, तर या दुसऱ्या मार्गाने ती तयारच होत नाही व बांधणी पडते.

भांडार : पहिल्या बांधणीत बाहेरच्या जार मोठ्या संख्येने उतरतात. मेव्हनचे इंटरनेटवरील मध्यवर्ती भांडार १५ जानेवारी २०२० पासून साध्या एचटीटीपीवर उत्तर देत नाही, म्हणून जुन्या पॉममधील पत्ते बदलावे लागतात. जोडणी मध्येच तुटल्यास ‘लास्ट अपडेटेड’ शेपटीच्या फाइली मागे राहतात आणि मेव्हन काही काळ पुन्हा प्रयत्नच करत नाही. त्यासाठी ‘-यू’ द्यावे किंवा त्या फाइली पुसाव्यात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत प्रॉक्सीचा (इंटरनेटशी जोडणाऱ्या मधल्या संगणकाचा) पत्ता मेव्हनच्या सेटिंग्ज फाइलीत वेगळा भरावा लागतो. ब्राउझरमध्ये भरलेला पुरत नाही. पेनड्राइव्हवरून भांडार उचलून आणल्यास जार डोळ्यांसमोर असूनही मेव्हन ती नाकारू शकतो, कारण ती कोणत्या भांडारातून आली याची नोंद शेजारच्या फाइलीत असते व ते नाव जुळावे लागते.

चालवणे : साध्या जारमध्ये बाहेरच्या जार नसतात, ती चालवल्यास वर्ग सापडत नाही. स्प्रिंग बूट या जावा-चौकटीचा प्लगइन सर्व जार एकत्र भरतो, पण तो फक्त ‘वेब’ला लावावा. मूळ पॉममधून तो सर्वांना लागला, की ‘कोअर’चे वर्ग जारच्या आतल्या फोल्डरात सरकतात आणि ‘सर्व्हिस’ला ते पॅकेजच दिसत नाही. ‘-एएम’सह ‘स्प्रिंग-बूट रन’ दिल्यास ही आज्ञा मुळासकट प्रत्येक मॉड्यूलवर चालते व मुख्य वर्ग नसल्याची तक्रार येते. म्हणून आधी पॅकेज करून मग तयार जार ‘जावा -जार’ने चालवणे सरळ. पोर्ट ८०८० आधीच व्यापलेला असल्यास जुनी प्रत पार्श्वभूमीत चालू आहे का ते पाहावे.

देवनागरी मजकूर : पॉममध्ये सोर्सचे एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत मांडण्याची पद्धत) यूटीएफ-८ असे लिहिलेले नसल्यास यंत्राचे एन्कोडिंग धरले जाते. जावा १८पासून मूळ एन्कोडिंगच यूटीएफ-८ झाले, पण जुन्या जेडीकेवर, विंडोजमध्ये, हा धोका आहेच. देवनागरी चिन्हाला यूटीएफ-८मध्ये तीन बाइट लागतात. ते सुटे वाचले गेले, की पुस्तकाच्या नावाजागी उच्चारचिन्हे लावलेली रोमन अक्षरे उमटतात. प्रॉपर्टीज फाइलींत (नाव-मूल्य जोड्यांच्या मजकूर-फाइलींत) संदेश असल्यास जावा ८पर्यंत प्रत्येक अक्षर ‘यू’ आणि चार अंकी संकेताने लिहावे लागे. जावा ९पासून (२०१७) रिसोर्स बंडल हा त्या फाइली वाचणारा जावाचा वर्ग यूटीएफ-८ वाचतो. मात्र तीच फाइल ‘प्रॉपर्टीज लोड’ला बाइट-प्रवाह देऊन उघडली, तर अजूनही जुनाच नियम लागतो. म्हणून ती वाचक-वस्तू (रीडर) देऊन, एन्कोडिंग सांगून उघडावी.