सर्व्हिस चार्ज म्हणजे वेटरची टिप नाही हो!
कोरेगाव पार्कात जेवलं की ग्रुपमधला एकजण हमखास म्हणतो, सर्व्हिस चार्ज लागलाय ना, मग टिप कशाला, आणि तो सरकारी टॅक्सच आहे, द्यावाच लागतो. दोन्ही चूक. सरकारचा तो जीएसटी, जुना सर्व्हिस टॅक्स २०१७ लाच गेला. सर्व्हिस चार्ज हॉटेलवाला स्वतः लावतो, पैसे जातात त्याच्या गल्ल्यात, पुढे पोरांना किती वाटायचे ते मालकाच्या मर्जीवर. जुलै २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नियमांनुसार तो आपोआप बिलात लावताच येत नाही, २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच उचलून धरलं. काढायला सांगा, नाही काढला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन. आणि वाचलेल्यातले पन्नास त्या पोराच्या हातात द्या की, बडीशेपेच्या वाटीत चिल्लर कसली टाकताय!