फ्लॅशसाठी डीएमए चालू करण्यापूर्वी

आमच्या एसटीएम32एच743 बोर्डासोबत डब्ल्यू25क्यू128 या 16 मेगाबाइटच्या एसपीआय फ्लॅशचा (मोजक्या तारांनी जोडलेल्या, वीज गेली तरी डेटा जपणाऱ्या मेमरी चिपचा) ड्रायव्हर मिळतो. त्यात डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डेटा मेमरीत हलवणारे हार्डवेअर, मुद्दामच बंद ठेवला आहे. तो चालू केला की फ्लॅश वेगाने चालेल का, असे बरेच ग्राहक विचारतात. लिहिण्या-पुसण्यात तरी फरक पडणार नाही. 256 बाइटचे एक पान लिहायला चिपला साधारण अर्धा मिलिसेकंद लागतो. 4 किलोबाइटचा सेक्टर पुसायला सुमारे 45 मिलिसेकंद लागतात, आणि डेटाशीटने 400 पर्यंत मुभा दिली आहे. हा सगळा वेळ चिपच्या पोटातला आहे. बाहेरून कितीही घाई केली तरी तो तेवढाच लागतो.

फायदा होतो तो प्रोसेसरचा. 50 मेगाहर्ट्झवर एकाच डेटा लाइनवरून 4096 बाइट वाचायला 655 मायक्रोसेकंद लागतात. प्रोसेसर 480 मेगाहर्ट्झवर असेल, तर त्याची तीन लाखांहून जास्त सायकल्स नुसते बाइट उचलून ठेवण्यात जातात. हे हमालीचे काम डीएमएकडे दिले की तेवढ्या वेळात तुमचा कंट्रोल लूप चालू राहतो. मात्र चिपची स्थिती सांगणारे एका बाइटचे स्टेटस रजिस्टर वाचायला डीएमए लावू नका, तयारीतच जास्त वेळ जातो. 32 बाइटपेक्षा लहान वाचन-लेखन आमचा ड्रायव्हर डीएमए चालू असतानाही प्रोसेसरकडूनच करून घेतो.

आता खरी डोकेदुखी: बफर, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायची मेमरीतली जागा, कुठे आहे? हेक्स 20000000 पासूनची 128 किलोबाइट डीटीसीएम मेमरी (प्रोसेसरला थेट जोडलेली) डीएमए1 आणि डीएमए2 या डीएमए कंट्रोलर्सना दिसतच नाही. बफर तिथे पडला तर ट्रान्सफर एरर येते आणि दोष फ्लॅशला दिला जातो. बफर हेक्स 24000000 च्या एएक्सआय एसरॅम या दुसऱ्या मेमरीत ठेवा आणि बिल्ड झाल्यावर मॅप फाइल (काय कुठल्या पत्त्यावर आहे याची यादी) उघडून त्याचा पत्ता एकदा डोळ्यांनी बघा. फंक्शनमधला लोकल बफरही नको. डीएमए संपायच्या आत फंक्शन परतले, तर भलत्याच व्हेरिएबलवर डेटा पडतो.

दुसरा घोळ डेटा कॅशचा, म्हणजे प्रोसेसर मेमरीतल्या डेटाची जी प्रत स्वतःजवळ ठेवतो तिचा. पान लिहून लगेच वाचले तर जुनाच डेटा दिसतो, आणि मध्ये प्रिंटची एक ओळ टाकली की सगळे ठीक! असे झाले तर कॅशवर संशय घ्या. लिहिण्यापूर्वी बफर क्लीन करावा लागतो, म्हणजे कॅशमधला डेटा मेमरीत उतरवावा लागतो. वाचताना सुरुवातीला इनव्हॅलिडेट करावा लागतो (कॅशमधली प्रत टाकून द्यावी लागते) आणि वाचन संपल्यावर पुन्हा एकदा, कारण या बोर्डावरचा कॉर्टेक्स-एम7 प्रोसेसर अंदाजाने आधीच मेमरी वाचून ठेवू शकतो. कॅशची ओळ 32 बाइटची असते. बफरची सुरुवात आणि लांबी दोन्ही 32 च्या पटीत नसतील, तर इनव्हॅलिडेट करताना शेजारच्या व्हेरिएबलची ताजी किंमतही पुसली जाते. अशी चूक शोधण्यात आठवडा सहज जातो.

लिनक्सच्या बोर्डावर कॅशचे काम कर्नलचा डीएमए एपीआय सांभाळतो. तिथे व्हीमॅलॉक या कर्नल फंक्शनने घेतलेल्या बफरकडे लक्ष ठेवा: त्याचे पत्ते सलग दिसतात, पण त्यामागची प्रत्यक्ष मेमरीची पाने सलग असतीलच असे नाही.

अडचण आली तर आधी डीएमए बंद करून चिपचा आयडी वाचा. ईएफ 40 18 आला नाही, तर वायरिंग आणि क्लॉक तपासा. आयडी बरोबर असेल, तर मॅप फाइल आणि डीएमएच्या स्टेटस रजिस्टरमधील किंमत आम्हाला पाठवा.